वेगळी रेघ

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक आली आहे. काल तिच्याबरोबर तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर यंत्राच्या तारा जोडलेल्या चकत्या चिकटवल्या आणि पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ धावू लागली.

"यात आई आणि बाळ, दोघांचे ठोके मिसळलेत," त्या म्हणाल्या. "यंत्र ऐकत ऐकत शिकतं आणि हळूहळू दोघांना वेगळं करतं."

बघता बघता एका रेघेच्या दोन झाल्या. खालची बारीक, भलतीच घाईत असलेली. अजून जन्म व्हायचाय, आणि बाळाची स्वतःची रेघ आहेसुद्धा. एकाच अंगातले दोन जीव नुसत्या ऐकण्याने वेगळे ओळखता येतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

"जेवण जातं ना?" बाईंनी लेकीला विचारलं.

"सगळं खाते, कारलं सोडून," सवयीने मीच सांगून टाकलं.

"आई, मला कारलं आवडतं," लेक हळूच म्हणाली. "सासरी गेल्यावर कळलं."

कारलं मला आवडत नाही, म्हणून आमच्या घरात ते कधी आलंच नव्हतं.

येताना मंडईत थांबले. कोवळी कारली घेतली आणि ती कशी करायची, ते लेकीला विचारलं.