मेजरची साखर आणि सेल नसलेलं मशीन

अशा सदरांतले अतर्क्य अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय, हे आधीच कबूल करतो. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. जे मोजता येतं ते खरं, बाकी गप्पा — असा आपला खाक्या. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

आम्ही मूळचे कोरेगावचे, आता सांगलीत असतो. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या बोक्याचं नाव मेजर. त्याला मधुमेह निघाला आणि सकाळ-संध्याकाळ सातच्या ठोक्याला इन्सुलिन सुरू झालं. "जलमभर मेजरास्नी सलाम ठोकला," आप्पा म्हणायचे, "आता हवालदारानं मेजरला सुई टोचायची! लय भारी!" पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने ते अंथरुणात होते, तेव्हा हा बोका त्यांच्या उशापासून हलला नव्हता. त्याला काही झालं तर आप्पा खचतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घोळ झाला तो श्रावणात. श्रावण लागला की गणपती उठेपर्यंत आमच्याकडे चिकन-मटण बंद. आईनं मेजरचंही बंद केलं. जनावरांच्या डॉक्टर मॅडम वैतागल्या, "अहो, मांजराला कसला श्रावण?" आई म्हणाली, "आवं, घर एक, चूल एक. त्येला येगळं कसं घालायचं?" मग मेजर दूधभातावर आला, साखर चढली, आणि मॅडमनी डोस वाढवत वाढवत दोन युनिटचा चार केला. वर बजावलं — खाणं बदललं की आधी मला फोन करायचा.

गणपती उठले. दुसऱ्याच दिवशी घरात चिकन आलं आणि फोन करायचा मी साफ विसरलो. सकाळची रीडिंग्ज उतरायला लागली, तर मी उलट खूश! म्हटलं, औषध लागू पडलं एकदाचं.

चौथ्या दिवशी सकाळी मला फर्स्ट शिफ्टला उशीर झाला होता. आप्पा फिरायला गेलेले. मी मेजरच्या कानाच्या कडेला टोचलं, थेंब स्ट्रिपला लावला... साखर मोजायच्या मशीनच्या स्क्रीनवर आकडा आला — ४८. साठच्या खाली म्हणजे धोका. बोका तर ताटलीपाशी शांत बसलेला, नेहमीसारखा. भरलेली सिरिंज मी बाजूला ठेवली, आईनं काकवीची बाटली आणली, मी बोटानं त्याच्या हिरड्यांना काकवी चोळली आणि त्याला पिशवीत घालून थेट दवाखाना गाठला.

मॅडमच्या मशीनवर ५७ आले. "काकवी देऊनही एवढेच! चार युनिट दिले असते तर दुपारपर्यंत गेला असता हा." मग मला यथेच्छ झापलं आणि म्हणाल्या, "घरचं रीडिंग दाखवा."

मी मशीनचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मागचं झाकण उघडलं... आत सेलच नव्हता.

मी घरी फोन लावला. आप्पा परतले होते.

"त्यो सेल व्हय? काल सांच्याला मीच काढला. चिकन तोलायचा काटा बंद पडलाता. तोलून घालायचं म्हन्तात न्हवं डाक्टर बाई? मग काट्याला सेल नगं?"

"आप्पा, मग मी आज साखर बघितली कशी?"

"आता त्ये मला काय ठावं?"

घरी गेलो तर काट्यात सेल होता, मी स्वतः पाहिला. मशीनला नवा घालून मेमरी तपासली, तर शेवटचं रीडिंग आदल्या दिवशी सकाळचं. स्ट्रिप मात्र रक्त लागलेली, आणि ४८ हा आकडा आईनंही माझ्या खांद्यावरून वाचला होता. वर्कशॉपमधल्या मित्रानं सर्किटची बरीच थिअरी मांडली, पण ती त्यालाच पटली नाही. मला तर आजही काही सुचत नाही.

मेजर पुन्हा दोन युनिटवर आलाय आणि मजेत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे या प्रकरणावर हसत होतो, तेवढ्यात आप्पांनी सहज विचारलं, "आरं पर मशीन बंद हाय आसं तवाच कळलं आसतं, तर काय क्येलं आसतंस?"

मला उत्तर माहीत होतं. उशीर झाला होता, तीन दिवस रीडिंग चांगली येत होती, सिरिंज भरलेली होती. मी न मोजताच डोस दिला असता.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मेजरला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.