पानाखालचं नाव

आमच्या भागात फुकट दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसलं, तर लोकांना ती वस्तू चोरीची वाटते. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवलेलं असतं, त्यामुळे पंखा सुरू होऊन नाव दिसेनासं झालं की देणाऱ्याचा जीव खालीवर होतो. स्मशानातल्या बाकावरही नाव असतं. ज्या ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटरची लॅब चालवायला घेतली होती, तिथे पाण्याच्या टाकीवर संस्थेच्या अध्यक्षांच्या आईचं नाव होतं, व्हरांड्यातल्या घड्याळावर मेव्हण्याचं आणि प्रत्येक मॉनिटरच्या डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं स्वतः अध्यक्षांचं. ते कॉम्प्युटर मी आणले होते. मुंबईत बंद पडलेल्या एका ऑफिसात घासाघीस करून, टेम्पोत गाद्यांच्या मधे रचून, स्वतः मागे बसून आणले होते. नाव अध्यक्षांचं लागलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. सौद्यात तसं ठरलं होतं आणि सौदा म्हणजे सौदा.

मी मुळातला म्हशींच्या बाजारातला माणूस. शिक्षण अर्धवट सुटल्यावर मी दलाली केली. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, दोघांनाही आपलाच माणूस वाटायचं आणि सौदा जुळला की आपला वाटा घ्यायचा. त्यातून टायपिंग शिकलो, नव्वदच्या दशकात कसबा बावड्यात एका भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. साखर कारखान्यातल्या लोकांची पोरं यायची. मला इंग्रजी धड येत नव्हतं, पण मशीन उघडून जोडता येत होतं आणि कुणासमोर मान खाली घालायची सवय नव्हती. दुसऱ्या गोष्टीनं फायद्यापेक्षा नुकसानच जास्त केलं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ही लॅब मिळाली. कॉलेज शहराच्या कडेला, उचगावच्या बाजूला. पोरं आसपासच्या गावांतली. दोन वर्षं कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला काय येतं म्हणून पाहिलं, तर दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढता येत होती. स्वतःचं नाव मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिता येत होतं. नेट आल्यावर त्यात भर पडली ती एवढीच की प्रकल्प नेटवरून उतरवून, छापून, पिन मारून द्यायचे. एकानं दिलेल्या प्रकल्पाच्या शेवटी कुठल्यातरी भलत्याच कॉलेजचं नाव आणि तिथल्या सरांचे आभार छापलेले होते. मी विचारलं, "हे कोण रे?" तो म्हणाला, "म्हाईत न्हाय सर. चांगलं मानूस असंल." वर्ग हसला. मी त्याला बाहेर काढलं, पण त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. उतरवून घेणं सोडून नेटवर आणखी काही करता येतं, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्याच सुमारास मला इंटरनेटवर मराठीतला एक खुला ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही फुकट वाचावं. मी उचगाव शोधलं. एकच ओळ होती: हे कोल्हापूर जिल्ह्यातलं एक गाव आहे. मी ती वर्गात दाखवली. मागच्या बाकावरून आवाज आला, "येवढंच? माझ्या आज्ज्याच्या म्हशीवर बी ह्यापरीस जास्त लिवून हुईल की!"

बोलणारी मुलगी उचगावचीच होती. बारीक, तोंडाळ, आणि माझ्याशी वाद घालायला न भिणारी एकटीच.

"मग लिही," मी म्हणालो.

"म्हशीवर?"

"म्हशीच्या बाजारावर."

त्या दिवशी मी ठरवलं की आठवड्यातून एक तास पोरांनी नेटवरून घ्यायचं नाही, नेटला द्यायचं.

प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "ह्याला मार्क किती?"

"मार्क नाहीत."

"मग पोरं कशाला येतील?"

"येतील. जबाबदारी माझी."

"आणि संस्थेला काय?"

हा प्रश्न मला समजणाऱ्या भाषेतला होता. मी खुर्ची ओढून बसलो. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: शनिवारचा शेवटचा तास माझा, नेट चालू राहणार, आणि पोरं जे पान लिहितील त्याच्या खाली एक ओळ येणार. सौजन्य, मग संस्थेचं नाव, मग अध्यक्षांचं. मी लगेच हो म्हणालो. एक ओळ टाईप करून मी एक तास मिळवला होता. म्हशींच्या बाजारात इतका स्वस्त सौदा मला कधी जमला नव्हता.

सुरुवातीचे शनिवार मशीनवर मराठी अक्षरं उमटवण्यातच गेले. नुसते चौकोनी डबे दिसायचे. सीडी घालून मराठी बसवायचो आणि अर्ध्यात वीज जायची. पण एकदा अक्षरं दिसू लागली आणि पोरांचं वागणंच बदललं. एकानं गावच्या तळ्याबद्दल लिहिलं, तर दुसऱ्यानं त्याची लांबी खोटी म्हणून खोडली. मग दोघे भांडले आणि रविवारी दोरी घेऊन तळ्यावर गेले. जे पोर पुस्तकातली ओळ डोळे झाकून उतरवायचं, ते आता विचारू लागलं, "सर, हे लिवलंय, पन कशावरनं?" मला दुसरं काही शिकवायचंच नव्हतं.

मुलीनं बाजारावर लिहिलं आणि त्यातही रुमालाखालच्या सौद्यावर. आमच्या जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालणार, वरून उपरणं किंवा रुमाल टाकणार आणि आत बोटं दाबून आकडा सांगणार. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहायचा. सीमेपलीकडून कानडी बोलणारा व्यापारी आला तरी अडायचं नाही, बोटांना दुभाषा लागत नव्हता. तिचा आजोबा म्हशींचा व्यापारी होता. त्याच्याकडून तिनं काढून घेतलं, माझ्याकडून काढून घेतलं. एकदा तर सगळ्या वर्गासमोर माझ्या हातावर स्वतःची ओढणी टाकून म्हणाली, "सर, आता मला म्हस इका." मी बोटं दाबली. ती म्हणाली, "येवढी म्हाग? दूध देती का तूप?" वर्ग हसून लोळला.

तिचं पान मॉनिटरचे दोन पडदे भरतील एवढं झालं. तसल्या बारीकसारीक माहितीचं पान मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. खाली सौजन्याची ओळ होतीच.

पुढच्या शनिवारी आम्ही मशीन लावली तर सगळ्या पोरांची पानं गेलेली. जाहिरात म्हणून काढून टाकलेली. आणि सगळी मशीन एकाच जोडणीवर असल्यामुळे आमच्या लॅबमधून लिहिणंच बंद केलेलं. सूचना आली होती: एकाच व्यक्तीचं नाव अनेक पानांवर पसरवण्यात येत आहे.

माझं डोकं फिरलं. घरच्या मशीनवरून मी त्या ज्ञानकोशाच्या चर्चापानावर लिहिलं. तिथे कारभार बघणारा कुणी एक स्वयंसेवक होता. ना पाहिलेला, ना ऐकलेला, टोपणनावानं लिहिणारा. मी त्याच्याशी बाजारात बोलतात तसं बोललो. मुलांच्या कष्टाचं काय म्हणालो. मग म्हणालो, अध्यक्षांचं नाव काढा, संस्थेचं ठेवा. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, बारीक अक्षरांत ठेवा. तो नाही म्हणाला. मी म्हणालो, निम्म्या पानांवर ठेवा. त्यानं शांतपणे लिहिलं, "इथे कुणाचंच नाव पानाखाली नसतं. माझंही नाही. ती ओळ काढायला तयार असाल तर सगळी पानं आज परत आणतो."

जन्मभर मी ज्यांच्याशी सौदे केले त्यांना काहीतरी हवं असायचं. ह्याला काहीच नको होतं. मी हो म्हणालो. पानं परत आली, लॅबही उघडली. मुलीच्या पानावर त्यानं एक खूण तेवढी जोडली होती. रुमालाखालच्या बोटांच्या वाक्यापुढे कंसात दोन शब्द: संदर्भ हवा. मी लिहिलं, संदर्भ मी आहे, या आणि माझी बोटं धरून बघा. तो म्हणाला, छापील हवा. मुलगी शहरातली वाचनालयं फिरून आली. काही मिळालं नाही. जो भाव रुमालाखाली लपवायचा, तो कोण छापून ठेवणार?

तोवर अध्यक्षांच्या कुणा पुतण्यानं पानं उघडून बघितली होती. प्राचार्यांनी बोलावलं.

"ओळ कुठं गेली?"

मी सगळं सांगितलं. "ती ओळ ठेवली तर पानंच राहत नाहीत. पोरांनी लिहिलंय ते जाईल."

"जाऊ दे की. तसलं नेटवर कोण वाचतंय? अध्यक्षांना मी काय सांगू?"

"लॅबच्या दारावर अजून एक पाटी लावतो. मोठी. माझ्या खर्चानं."

"पावणं," ते म्हणाले, "कॉलेजात बाजार भरवू नका. नाव न्हाय, तर तास न्हाय."

मी टेबलावर हात आपटला. बोललो तेही हळू आवाजात नव्हतं, सगळा व्हरांडा ऐकत होता. पुढच्या शनिवारी तास नव्हता आणि वर्षअखेरीला लॅब दुसऱ्याला दिली होती. मॉनिटरवर पिवळी नावं तशीच राहिली. नेटची जोडणी काढून टाकली, कारण म्हणे पोरं त्यावर नको ते करतात. पोरं पुन्हा डोंगर आणि झोपडी काढू लागली असणार. मी बघायला गेलो नाही.

पुढे दोनतीन वर्षं गेली. मुलगी शिरोलीच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला लागली होती. एक दिवस माझ्या बावड्यातल्या क्लासवर आली आणि टेबलावर चकचकीत कागदाचं जाड पुस्तक ठेवलं. संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका.

"सर, मधलं पान उघडा. आणि आदी पानी पिवून घ्या."

मधल्या पानावर अध्यक्षांचा फेट्यातला फोटो होता आणि त्याखाली त्यांचा लेख: रुमालाखालचा सौदा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिचं पान. बोटांच्या वाक्यापुढे कंसात ते दोन शब्दही तसेच छापलेले, संदर्भ हवा. ज्यानं उतरवलं त्याला ते काय आहे हेही कळलं नव्हतं, आणि संपूर्ण संस्थेत ते काढायला सांगणारा एक माणूस उरला नव्हता.

मुलगी हसत होती. मला हसू येईना. मी तसाच स्मरणिका घेऊन कॉलेजवर गेलो. प्राचार्य तेच होते, केस पांढरे झाले होते. मी म्हणालो, हे पोरीनं लिहिलंय. ते म्हणाले, "नेटवर कुठं तिचं नाव हाय का? दाखवा की." नाव पानाखाली नसतं, पानाच्या इतिहासात असतं, तिथे कोणी कधी काय लिहिलं ते सगळं राहतं, असं मी सांगू लागलो. दाखवतो म्हणालो. लॅबमध्ये नेट नव्हतं. ऑफिसातल्या मशीनवर होतं, पण ते फक्त क्लार्कला चालू करता येत होतं आणि क्लार्क जेवायला गेला होता. "पुढच्या अंकात आभार मानू तिचं," प्राचार्य म्हणाले. माझ्यासाठी चहा मागवला. मी कप तसाच टाकून उठलो.

यावर विषय संपायला हवा होता. काही महिन्यांनी मी सहज तिचं पान उघडलं. त्या वाक्यापुढची खूण गेली होती. कंसातले दोन शब्द नव्हते. त्यांच्या जागी लहानसा आकडा होता आणि पानाच्या अगदी तळाला, संदर्भ या मथळ्याखाली, स्मरणिकेचं नाव, संस्थेचं नाव, आणि लेखक म्हणून अध्यक्षांचं.

कुणा परक्या माणसानं, मन लावून, प्रामाणिकपणे ते काम केलं होतं. त्याला छापील संदर्भ सापडला होता. जी ओळ टिकवण्यासाठी संस्थेनं आमचा तास मोडला आणि जी काढून टाकून आम्ही पान वाचवलं, ती ओळ आता हक्कानं तळाशी बसली होती. ती जाहिरात आहे, असं आता कुणालाच म्हणता येत नव्हतं.

मी खोडायला बसलो. मग आधी मुलीला फोन केला, पान तिचं होतं.

तिनं तिथल्याच मशीनवर पान उघडलं. मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"काढू नका सर," ती म्हणाली. "ते काढलं की वरचं वाक्य बिनआधाराचं हुतंय. उद्या कोन तरी येऊन खोडून टाकंल. आज्ज्याची बोटं जातील."

"आणि त्याचं नाव राहू द्यायचं?"

"ऱ्हाऊ दे की. पंख्यावर न्हाय का असत्यात?"

मी मशीन बंद केलं. पान अजून तसंच आहे, तळाच्या ओळीसकट. मी अधूनमधून उघडतो, तळापर्यंत जातो आणि दरवेळी तितकंच डोकं फिरतं.