कुणाला चाटायचे?

कापडाच्या दुकानात दुकानदार ताग्याला कात्रीने एवढीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतो. त्या आवाजाने मी आजही दचकतो.

लग्न ठरायचं होतं, तेव्हा मी मुलीच्या वडिलांना भेटायला त्यांच्या कापडाच्या दुकानात गेलो होतो. गिऱ्हाईक करता करता ते अभिमानाने म्हणाले, “आम्ही पिढीजात चाटी बरं का!”

मी गप्प बसलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मुलगी मनापासून आवडली होती आणि छाप पाडायची घाई होती. मी हसून विचारलं, “असं? कुणाला चाटायचे?”

दुकानात हसणारा मी एकटाच होतो. त्यांनी तागा पुढे ओढला, कात्रीने चीर दिली आणि माझ्याकडे बघत कापड टर्रकन फाडलं. सोयरीक फाटली, असंच वाटलं मला.

चाटी, बजाज, दोशी हे सगळे मुळात कापड विकणारेच. पण वापरात नसलेल्या शब्दांनाही कसर लागते, आणि नेमक्या त्या भोकातून माझ्यासारख्याचं अज्ञान बाहेर डोकावतं.

“चाटी म्हणजे कापड विकणारा,” ते शांतपणे म्हणाले. “शब्द माहीत नसला तर आधी विचारावं, जावईबापू.”

‘जावईबापू’ ऐकून जीव भांड्यात पडला. पुरता नाही, कात्री त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.