पडद्यामागची माती

१९ सप्टेंबर २०२२, सोमवार. खोली क्रमांक चौदाच्या दारात ठेवलेल्या ताटलीत त्या दिवशी पाचशे साठ सोम, म्हणजे तिथल्या चलनातले पैसे, जमले. खोली प्राध्यापक इशेनाली यांची, ताटली सायराकानची.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या विद्यापीठात सायराकान मृदाशास्त्र विभागाची मदतनीस होती. तरुणपणी पशुवैद्यकाची दोन वर्षे झाली होती, पण लग्न ठरले आणि शिक्षण सुटले. नवरा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. विभागाच्या किल्ल्या, वेळापत्रक, चहा, आणि चौदा नंबरमधल्या दोन उभ्या लाकडी पेट्यांवरची धूळ, एवढे तिचे खाते. पेट्यांत माती होती. ती कशासाठी ठेवली आहे, हे तिने इतक्या वर्षांत विचारले नव्हते. वडीलधाऱ्या माणसाला असे विचारणे म्हणजे त्याच्या कामावर संशय घेणे. आणि इशेनाली आपण होऊन सांगणारे नव्हते. आपला घोडा आपणच वाखाणू नये, असे ते म्हणत. त्यामुळे पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचून दाखवणारे आणि हजेरी घेणारे आगाय, म्हणजे गुरुजी, एवढीच मुलांना त्यांची ओळख.

ऑगस्टअखेर डीनसाहेबांनी कळवले की, तीस सप्टेंबरपर्यंत तीन विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी इशेनालींचे नाव दिले नाही, तर चौदा नंबर लेखा विभागाला जाईल. पेट्या अंगणात जातील आणि मदतनीसाची जागाही बंद होईल. सायराकानला निवृत्तीला चार वर्षे होती. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात हिवाळ्याचा कोळसाही भागला नसता.

तिने फळ्यावर सूचना लावली : 'आपल्या प्राध्यापकांचे संशोधन जाणून घ्या. खोली १४. चहा मिळेल.' कोणी फिरकले नाही. मग तिने चार मुलांना अक्षरशः धरून आणले. मुले गुडघ्यांवर हात ठेवून बसली, चहा प्यायली.

"काही विचारायचंय?" इशेनालींनी विचारले.

"नाही, आगाय." मुले उठून गेली.

"बघितलंस? त्यांना यात रसच नाही."

"तोंड उघडल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही उघडत नाही, ती उघडत नाहीत. मधल्या मध्ये माझी नोकरी जातेय."

शनिवारी तिच्या भाच्याचे लग्न होते. नवरी पांढऱ्या पडद्यामागे बसली होती. नवे माणूस असो, बाळ असो की मोटार, पहिल्यांदा बघायचे तर हातावर काही ठेवायचे. त्याला कोरुमदुक म्हणतात. तिथे सायराकानने पाहिले, तर तीच चार मुले नोटा उंचावून रेटारेटी करत होती.

"ढकलू नका हो एजे, आमचा नंबर आहे!"

एजे म्हणजे ताई. या ताईने दुसऱ्या दिवशी बहिणीकडून तो पडदा मागून घेतला.

सोमवारी सकाळी तिने तो पेट्यांपुढे टांगला, दारात ताटली ठेवली आणि व्हरांड्यात भेटलेल्या एका मुलीला फक्त एवढेच सांगितले, "चौदा नंबरमध्ये कोरुमदुक आहे. वीस सोम." बातमी उपाहारगृहात पोचली तेव्हा विधुर इशेनाली आगायांनी दुसरे लग्न केले होते. मधल्या सुटीपर्यंत नवरी ओश शहरची होती आणि वयाने तिशीची.

तास संपवून इशेनाली आले, तर खोली भरलेली.

"अभिनंदन, आगाय!"

"कशाबद्दल?"

"लाजताय काय, आगाय! दाखवा की!"

त्यांनी सायराकानला कोपऱ्यात घेतले. "हे काय मांडलंयस? माझी अब्रू घेतेस?"

"अब्रूचं नंतर बघू. पोरांनी पैसे टाकलेत. कोरुमदुक घेऊन पडदा खालीच ठेवायचा असेल तर ठेवा. पाप तुमच्या माथी."

हे मात्र त्यांच्याने होण्यासारखे नव्हते. त्यांनी पडदा उचलला.

"माती?" मागून कोणीतरी म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. "एजे, वीस सोम परत द्या!"

"नवरी पसंत पडली नाही म्हणून पैसे परत मागतात का रे?"

कुंदुझ नावाची एक मेंढपाळाची मुलगी मात्र हसत नव्हती. 'सुट्टे नाहीत एजे, उद्या देते,' म्हणत ती सायराकानच्या हाताखालून आत घुसली होती आणि आता अगदी पुढे उभी होती. पेटीवरची चिठ्ठी तिने वाचली.

"कारा-बुलाक? हे आमचं कुरण आहे. आम्ही उन्हाळाभर तिथेच असतो. मग एक माती काळी आणि दुसरी फिकी कशी?"

"काळी कुंपणाच्या आतली. बावीस वर्षांपूर्वी मी थोडी जागा तारेनं बंद केली. फिकी बाहेरची."

"बाहेर काय झालं?"

"मेंढ्या."

"आमच्या?"

"सगळ्यांच्या."

"माझे बाबा म्हणतात, पाऊस कमी झाला म्हणून गवत गेलं."

"पाऊस कुंपण बघून पडतो का, पोरी?"

पुन्हा हशा पिकला, या वेळी तिच्यावर. कुंदुझ लाल झाली, पण हटली नाही. "एका जागेवरून काय कळतं? ओढ्याकाठी आमचा कळप जास्त चरतो, आणि तिथे गवत कमरेएवढं आहे. तिथे खणलंत कधी?"

"नाही," इशेनाली म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तार कशी बांधली, पहिल्याच वर्षी ती कोणी चोरली, गवताची मुळे दरसाल किती खाली जातात, हे सांगायला लागले. पुढच्या तासाची घंटा झाली. काही मुले गेली, बरीच थांबली. किटली हातात धरून सायराकानही उभी राहिली. आपण इतकी वर्षे कशावरची धूळ पुसत होतो, हे तिलाही त्या दिवशीच कळले.

त्या आठवड्यात दोन मुलांनी नावे दिली. तिसरे येईना. तीस तारखेला सायराकानने कपबश्या कागदात गुंडाळायला घेतल्या. चार वाजता कुंदुझ दारात आली.

"आगाय, मी तुमची चूक दाखवायला येतेय."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे. ओढ्याकाठी खणायचं."

"खणू. फावडं तू आण. आधी इथं नाव लिही."

चौदा नंबर विभागाकडेच राहिला. सायराकानने कपबश्या पुन्हा फळीवर मांडल्या. पाचशे साठ सोमांची साखर आणि गोळ्या आणल्या, पडदा धुऊन बहिणीला परत केला. कुंदुझकडून वीस सोम अजून येणे आहेत.