जर्मनीची पाथरी

त्या उन्हाळ्यात आमच्या फ्रिजमधला बर्फ माणसांना मिळत नसे.

तो गॅलरीतल्या एका कुंडीसाठी राखीव होता. गॅलरी बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटची आणि कुंडी माझी, म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या एका हेडक्लार्कची. आमची एकुलती एक मधू तीन वर्षांपूर्वी जर्मनीला शिकायला गेली, तेव्हा मी तिला सोडायलाही गेलो नव्हतो. ‘‘जायचंच ठरवलंयस तर जा,’’ एवढं बोलून मी पेपर तोंडासमोर धरला होता. (तो पेपर आदल्या दिवशीचा होता, असं आमची ही अजून सांगते!) ते बोलणं मला फार लागून राहिलं होतं, पण परत कसं घ्यायचं ते कळत नव्हतं.

जानेवारीत मधूचं पत्र आलं. पत्रात कागदाच्या पुडीत कसलंसं बी होतं. ‘बाबा, इथल्या डोंगरावरच्या कुरणात हे पिवळं फूल येतं. ससाण्याच्या नावानं ओळखतात. खोकल्याला याचा काढा घेतात. थंडीत, दगडगोट्यांत खुशीत वाढतं. खत मात्र अजिबात नको.’ मेमध्ये ती महिनाभर येणार होती. मी मनाशी ठरवून टाकलं, की तोवर गॅलरीत तिचं फूल फुललेलं पाहिजे. मग मला तोंडानं काही बोलायला नको, काय ते फूलच सांगेल!

माती आमच्याकडे कामाला येणाऱ्या पारूबाईंनी धायरीहून, त्यांच्या शेताच्या बांधावरून आणून दिली. मी त्यात अर्धी पाटी शेणखत घातलं.

‘‘अहो, पोरीनं खत नको म्हणून लिहिलंय!’’ ही म्हणाली.

‘‘माझ्या दारात आलेला पाहुणा उपाशी राहणार नाही!’’

पंधरा दिवसांत दोन रोपं वर आली. एकाची पानं गुळगुळीत, कडेला दातेरी, अगदी खानदानी. दुसरं चार केसाळ पानांचं, मातीला चिकटून बसलेलं. ते तण आहे हे मी एका नजरेत ओळखलं आणि उपटून खाली भिरकावलं. (छत्तीस वर्षं फाइली तपासलेली नजर ती!)

मग खानदानी रोपाची सेवा सुरू झाली. दुपारी बुंध्याशी बर्फाचे खडे, वर माझी छत्री, समोर टेबलफॅन. त्या उकाड्यात ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसायची. खालच्या मजल्यावरचे काका एकदा सरबताला बर्फ मागायला आले, तर मी सांगितलं, ‘‘आजारी माणूस आहे घरात.’’ ‘‘दिसतंय,’’ काका माझ्याकडे बघत म्हणाले आणि निघून गेले.

मधूला मी दर आठवड्याला पत्र लिहू लागलो. पान किती बोटं वाढलं, आज तजेला कसा आहे, सगळं सविस्तर. आणि मधू यायच्या आदल्या दिवशी फूल आलं! पिवळंधमक! मी हिला हाक मारली, पेढे आणायला पिशवी उचलली आणि वळून बघतो तर पारूबाई कुंडीतलं एक पान खुडून खात होत्या.

‘‘अहो पारूबाई! काय करताय?’’

‘‘ही पाथरी हाय न्हवं! पिठल्यासंगं लई ग्वाड लागती. बाळंतिणीला देत्यात, दूध येतंय. आमच्या बांधावर ढिगानं हाय.’’

‘‘जर्मनीहून आलीय ती!’’

‘‘मंग जर्मनीत बी बांध आसत्याल,’’ त्या शांतपणे म्हणाल्या आणि दुसरं पान खुडलं.

ही आत गेली आणि मधूचं पत्र घेऊन आली. पत्राचं दुसरं पान तिनं मोठ्यांदा वाचलं. ‘ओळख सांगते बाबा. पानं केसाळ असतात, जमिनीला चिकटून.’ मी खुर्चीवर बसलो. दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. फुलाचं नाव कळल्यावर बी पेरायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी मधू आली. वाळली होती. बॅग टाकून ती थेट गॅलरीत गेली. छत्री, पंखा, वितळता बर्फ आणि मधोमध पाथरी. खोटं बोलायचा विचार मनात येऊन गेला.

‘‘मधू, हे तुझं फूल नाही. तुझं मी तण समजून उपटून टाकलं.’’

‘‘बाबा, तिकडेही ते तण म्हणूनच उपटतात,’’ ती हसली. मग हसू ओसरलं. ‘‘तुमची चौदा पत्रं आली. चौदाही पत्रांत रोपाची तब्येत. मी कशी आहे, हे एकदासुद्धा विचारलं नाहीत.’’

मी इकडेतिकडे पाहिलं. हातात पेपरही नव्हता.

‘‘तू गेल्यापासून घर खायला उठतं गं,’’ मी म्हणालो. ‘‘त्या दिवशी सोडायला यायला हवं होतं मी. चुकलं माझं.’’

मधू कुंडीकडे वळली. खाली बसली, पाथरीचं एक पान मोडलं आणि तोंडात टाकलं. मी चष्मा काढून डोळे पुसले.

‘‘चीक उडाला,’’ मी म्हणालो. ‘‘पाथरीला पांढरा चीक असतो.’’

‘‘पान तिनं मोडलं,’’ ही म्हणाली. ‘‘तुम्ही दारात उभे आहात.’’

पाथरीचा चीक फार लांबवर उडतो, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतो.