घारीने नेलेला पटका

किन्हीराजा गावच्या जानरावांना घारी बघण्याचा नाद होता. गोष्ट १९३०च्या आसपासची. घरामागच्या चिंचेवर घारीने घरटं बांधायला घेतलं, तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ अंगणात मान वर करून उभे असत.

"पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले, अन् तुमी घारच पाहा!" बायको तुळसाबाई करवादल्या.

पाव्हण्यांसमोर डोक्याला बांधायला धुतलेला पटका दोरीवर वाळत होता. घरट्यात अंथरायला घारीला चिंध्या लागतात, हे जानरावच गावाला सांगत. घारीने तो पटका उचलला आणि चिंचेवर नेला. घरात दुसरा नव्हता. जानराव उघड्या डोक्याने शफीक कापडवाल्याकडे धावले.

त्या काळी गावात जो उघड्या डोक्याने फिरे, त्याच्या घरी मयत झालेली असे. शफीकने त्यांना पाहिलं आणि दुखवट्याने दुकान बंद केलं.

"अरे, मले पटका पायजे!"

"भाऊ, आधी माती होऊ द्या."

बातमी जानरावांच्या आधी घरी पोहोचली होती. अंगणात बाया रडत होत्या. मधोमध तुळसाबाईही रडत होत्या.

"कोन गेलं वो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पटका गेला."

तेवढ्यात पाव्हणे आले. रडारड पाहून त्यांनी आपापले पटके उतरवून ओसरीवर ठेवले. जानरावांनी त्यातला बरा बघून डोक्याला बांधला आणि ते म्हणाले, "या, बसा. पोरगी दाखवतो."

सोयरीक जमली. निघताना व्याह्यांनी आपला पटका मागितला, तेव्हा जानरावांनी चिंचेकडे बोट दाखवलं.

"पिल्लं उडू द्या, मंग देतो."