शुभदाबाईंच्या बरण्या

शांती नगरातल्या घरात लोक कपाटात चांदीची भांडी मांडतात, शुभदाबाई फॉर्मॅलिनमध्ये जपलेल्या विचित्र जीवांच्या बरण्या मांडतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, पण वेड सुटलं नाही. भाईंदरच्या बाजारात मासळी विकणारी चंद्रावती जाळ्यात आलेलं वेगळं काही असलं की त्यांच्यासाठी बाजूला ठेवते.

तुटलेल्या डोळ्याच्या जागी चक्क मिशी फुटलेली कोळंबी तिनेच दिली होती. त्या दिवशी बाईंनी बाजारातच तास घेतला! डोकं कुठे, पाय कुठे, हे हुकूम सोडणारी जनुकं कोळंबीत, सापात, माणसात एकाच जुन्या घराण्यातली. छातीचा हुकूम लांबवर चालला म्हणून सापाला फासळ्याच फासळ्या. हुकूम जुनेच, फक्त जागा आणि वेळ बदलली की नव्या घडणीचा प्राणी उभा राहतो. कोळणी हसल्या, पण कोयते खाली ठेवून ऐकत राहिल्या. अशी बाई खरंच विरळा.

मग चंद्रावती बाजारात दिसेनाशी झाली. तिला नातू झालाय, पण कुणाला दाखवत नाहीत, असं कळलं. बाई टोपडं घेऊन तिच्या घरी गेल्या. सून रीमाचे डोळे रडून सुजलेले. चंद्रावतीने बाळ पदराआड घेतलं.

"तुमाला न्हाय दाखवणार, बाई. तुमी बाटलीत घालाल."

बाईंनी टोपडं रीमापुढे ठेवलं.

रीमाकडून कळलं, बाळाच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. रीमाने ग्रहणात बोंबील कापले म्हणून असं झालं, हे घराने ठरवून टाकलं होतं. सहाव्या बोटाच्या मुळाशी दोरा आवळायचा, म्हणजे ते गळून पडेल. काळा दोरा चंद्रावतीच्या हातातच होता.

"रीमाने काही केलेलं नाही," बाई खाली बसत म्हणाल्या. "पोटात हात घडताना बोटांचा हुकूम जरा जास्त चालला, इतकंच. ग्रहणाचा काय संबंध? दोरा आवळलास तर बोट सडेल, पोराच्या जिवावर बेतेल. आधी डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर."

"मंग त्या कोळंबीच्या बाटलीवर 'बिघाड' का लिवलाय? तुमच्या घरी आलो व्हतो तवा माज्या नातीनं वाचून दावलं व्हतं."

 बाईंनी एवढी वर्षं शिकवलं, पण असा प्रश्न कुणी केला नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आज घरी गेले की खोडते."

रीमाने डोळे पुसले.  मग चंद्रावतीने दोरा चुलीत टाकला आणि बाळ बाईंच्या हातात दिलं. बाईंनी बोटं मोजली, हसल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आजवर चंद्रावतीने बाईंच्या हातात दिलेलं काहीच परत मागितलं नव्हतं. आज मात्र तिने लगेच दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडं, बाई. ह्यो माजा हाय."